तीनशे अठरा नंबरची बाटली

३ मार्च

ताई,

नमस्कार, खुशाली सगळं पुढच्या पत्रात. आज आधी वाईट ते सांगते. परवा दुपारी तुमच्या दादांच्या बसखाली एक बाई गेली. नर्स होती, ड्यूटी संपवून सायकलवरून घरी निघाली होती. वळणावर सायकल घसरली आणि ती मागच्या चाकाखाली आली, असं हे सांगतात. बघणारे सांगतात की ड्रायव्हर झिंगलेला होता. ब्रेक मारताना ह्यांचं डोकं काचेवर आपटलं, सहा टाके पडले. खाली उतरल्यावर चार पावलं झोकांड्या गेल्या, त्याचीच लोकांनी दारू केली. बावीस वर्षं ह्यांनी बस चालवली तेव्हा एकाचंही लक्ष गेलं नव्हतं, आता गल्लीभर साक्षीदार झालेत.

दवाखान्यातच रक्त घेतलं. दोन छोट्या बाटल्या भरल्या, लाखेनं सील केल्या. दोन्हींवर नाव नाही, नुसता नंबर. हवालदार लिहीत होता तेव्हा मी समोरून उलटा वाचला. ३१८. तुमच्याच प्रयोगशाळेत जाणार म्हणाला.

ताई, मी काही वाकडं मागत नाही. आकडा कमी दाखवा असं मेले तरी म्हणणार नाही, कारण कमी करायला मुळात काही नाहीच. चार वर्षांत ह्यांनी थेंब घेतलेला नाही. रोज संध्याकाळी दार उघडलं की मी आधी ह्यांच्या तोंडाचा वास घेते, मग आत घेते. त्याची लाज मीही सोडलीय आणि ह्यांनीही. फक्त तुमच्या हातानं नीट मोजा, एवढंच. आकडा हद्दीखाली आला तर अपघात म्हणून सुटतील, बस परत मिळेल. वर गेला तर तुरुंग, आणि जन्मात पुन्हा चाक हातात नाही. लेक तेरा वर्षांची, शाळेत जायला तयार नाही.

तुमची वहिनी


९ मार्च

वहिनी,

पत्र पोचलं. तुम्ही नंबर कळवायला नको होता. आमच्याकडे बाटलीवर नाव नसतं ते उगाच नाही. मोजणाऱ्याला माणूस कळू नये म्हणूनच ती व्यवस्था आहे. आता खरं म्हणजे हे पत्र साहेबांना दाखवून मी ती बाटली दुसऱ्याकडे सोपवायला हवी. सोपवणार नाही. दुसरी जी आहे ती अर्धा दिवस खिडकीत उभी असते. माझ्या भावाचं रक्त मी तिच्या हातात देणार नाही.

तुम्हाला वाटत असेल मी बाटली उजेडात धरून अंदाज सांगते. तसं नसतं. रक्तात मी आणखी एक अल्कोहोल मोजून घालते, कोणी पीत नाही असलं. मग त्यातला थेंबाहून कमी भाग सुईनं गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये टोचते. आत भट्टी असते, भट्टीत वेटोळं केलेली लांबच लांब बारीक नळी, आणि तिच्यातून सतत वायू वाहत असतो. वायूबरोबर एकेक पदार्थ आपापल्या वेळेला बाहेर पडतो. टोकाला छोटी ज्योत असते. तिच्यात तो जळला की पेन कागदावर टेकडी काढतं. पहिली टेकडी पिण्याच्या दारूची, दुसरी मी घातलेल्याची. दोघींची उंची ताडून पाहिली की आकडा येतो. सुईत हवा शिरली तर दोन्ही टेकड्या सारख्याच बुटक्या होतात, म्हणून फसगत होत नाही. प्रत्येक नमुना दोनदा टोचायचा, दोन्ही आकडे जुळले तरच लिहायचा. दोन नमुन्यांच्या मध्ये सुई धुवायची आणि एकदा नुसतं पाणी टोचून बघायचं, आधीच्या माणसाचं काही मागे राहिलं नाही ना म्हणून. एकोणीस वर्षं मी हे करतेय.

राहिला दादाचा शब्द. सतरा वर्षांपूर्वी माझं लग्न ठरलं तेव्हाही त्यानं आईच्या गळ्याची शपथ घेतली होती, त्या दिवशी शिवणार नाही म्हणून. पिऊन मुलाच्या वडिलांच्या अंगावर ओकला, लग्न मोडलं. तुम्हीच पुसलंत. मी ते सगळं विसरलेय, तुम्ही विसरू नये म्हणून लिहिलं.

तुमची नणंद


१४ मार्च

ताई,

तुमचं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. शेवटचा भाग गाळला, पण ह्यांना तो माहीत होता. म्हणाले, "लग्नाचं लिहिलंय ना तिनं? लिहू दे. तिचा हक्क आहे." मग टेकड्यांचं दोनदा वाचायला लावलं. यंत्रांची आवड ना. म्हणाले, "छोटी मोजणार आहे, आता मला कसली काळजी?" आणि अपघातानंतर पहिल्यांदा पोटभर जेवले.

त्या नर्सच्या घरी मी जाऊन आले. दार उघडलं नाही. दारातच थोडा वेळ बसले आणि परत आले.

लवकर कळवा. रोज पोस्टमनच्या तोंडाकडे बघते, तो आता वाट बदलून जातो.

वहिनी


२१ मार्च

वहिनी,

एक्केचाळीस. हद्द तीसची आहे.

काय झालं ते सरळ लिहिते, म्हणजे पुन्हा विचारायला नको. मंगळवारी सकाळी नदीत सापडलेल्या एका माणसाचं रक्त होतं, चारशेच्या वर गेलं, पेन कागदाच्या टोकाला जाऊन आपटलं. त्याच्यानंतर ३१८ घेतली. मी टोचलं आणि कागदाकडे बघत बसले. पेन चढायला लागलं तेव्हा मी मनात म्हटलं, आलास का दादा. दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा आकडा बराच खाली आला, सुईत बुडबुडा गेला असणार, म्हणून तो सोडून दिला. अहवाल गेला. खाली सही माझी आहे.

मी रडले नाही. साहेबांना अजून माहीत नाही की तो माझा भाऊ आहे. कळलं तर म्हणतील, बाईनं सख्ख्या भावालाही सोडलं नाही. तुम्ही रोज वास घेता ना? मग तुमच्या नाकाला आता विश्रांती द्या.

नणंद


२८ मार्च

ताई,

हे घरी नाहीत. परवा सकाळी पोलीस घेऊन गेले. चपला घालायला सुद्धा थांबले नाहीत.

मी सातवी शिकलेली बाई, पण तुमची दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पाचपाच वेळा वाचलीत. आधीच्या पत्रात तुम्ही लिहिलंत, दोन्ही आकडे जुळले तरच लिहायचा. मग न जुळता कसा लिहिलात? आधीच्या पत्रात लिहिलंत, हवा गेली तर फसगत होत नाही. मग बुडबुड्यानं आकडा खाली कसा आला? आणि मध्ये पाणी टोचतात, ते टोचलं का? ते तुम्ही लिहिलेलं नाही.

मी चुकत असेन तर पायाशी बसून माफी मागीन. दुसरी बाटली आहे ना तुमच्याकडे? एकदा मोजा ताई. एकदाच.

वहिनी


४ एप्रिल

वहिनी,

अक्षरं वाचता आली म्हणून यंत्र कळत नाही. एकोणीस वर्षांत माझ्या आकड्याला कोर्टात कुणी हात लावलेला नाही, आणि आता तुम्ही स्वयंपाकघरात बसून माझी उलटतपासणी घेणार? दुसरी बाटली कोर्टानं मागितली तरच उघडते, बायकोला वाटलं म्हणून नाही. आणि कोर्टाला अर्ज करून ती मागवलीत, तर मला साहेबांना सांगावं लागेल की नंबर तुम्ही मला आधीच कळवला होता. मग सगळे म्हणतील बायकोनं नणंदेला फितवायला बघितलं. त्यात तुमच्या नवऱ्याचं भलं होणार आहे का, विचार करा.

मी तुमच्यापेक्षा त्याला जास्त ओळखते. तो खोटं बोलतो तेव्हा आधी स्वतःला पटवतो, मग दुसऱ्याला. त्यानं तुम्हाला चार वर्षं फसवलं आणि तुम्ही दारात नाक पुढे करून फसलात. बाई मेलीय वहिनी. तिलाही घर असेल.

खरंच त्याचं भलं हवं असेल तर त्याला कबूल करायला लावा. कबूल केलं की शिक्षा कमी होते. तुमचं ऐकेल तो. माझं आयुष्यात कधी ऐकलं नाही.

नणंद


१९ जून

ताई,

अडीच महिने लिहिलं नाही. तुमचा राग होता. आता उरलेला नाही.

तुमचं पत्र वाचल्यावर मी रोज रात्री एकेक दिवस मागे जाऊन आठवायला लागले. कुठल्या दिवशी उशीर झाला, कुठल्या दिवशी बडीशेप खाऊन आला, कुठल्या दिवशी दार उघडल्याबरोबर डोळे चुकवले. शोधायला गेलं की सापडतंच. आठ दिवसांत माझ्याकडे यादी तयार झाली. भेटीला गेले तेव्हा ती त्याच्यासमोर वाचली. तो नाही नाही म्हणत राहिला. मग मी तुमचा आकडा सांगितला, पुन्हा पुन्हा सांगितला. लेकीलाही सोबत नेलं होतं. ती म्हणाली, "बाबा, आत्याचं मशीन खोटं बोलतं का?"

त्यावर तो बराच वेळ डोक्यावरची टाक्यांची जागा चाचपत बसला. मग म्हणाला, "छोटी खोटं लिहिणार नाही. मला आठवत नाहीये म्हणजे घेतली असेल. डोक्याला लागल्यापासून तो दिवस मला नीट आठवतच नाही." कोर्टात तेच बोलला. नर्सची आई समोर बसली होती, तिच्यापुढे हात जोडून बोलला. चार वर्षं दिली. कबूल केलं म्हणून चार, नाहीतर सहा होती असं वकील म्हणाले.

मी घर सोडलंय. माझ्या भावाकडे राहते, शिवणकामाच्या कारखान्यात काजं करते. लेकीची शाळा बदलली. नव्या शाळेत तिनं वडील नाहीत म्हणून सांगितलंय आणि मी तिला रागावले नाही. तो पत्रं पाठवतो, मी न फोडता परत करते.

तुमचे उपकार मानायला लिहितेय. सगळे मला जपून खोटं बोलत होते, तुम्ही एकट्या खरं बोललात. मागच्या पत्रात मी जे वेडंवाकडं विचारलं त्याची माफी असावी.

वहिनी


२५ ऑगस्ट

वहिनी,

तुमची तब्येत कशी आहे? लेकीचा अभ्यास? काजं करताना डोळ्यांवर ताण येतो, उजेडात बसत जा.

माझ्याकडे विशेष काही नाही. वर्षाचे कागद बांधायला काढलेत, धूळ फार आहे.

दादाला भेटायला जात जा. लेकीला घेऊन जा. त्याची पत्रं परत करू नका. मी काही म्हणतेय म्हणून नाही, सहज वाटलं. माणूस कितीही चुकला तरी त्याचं कोणीतरी असावं. त्या दिवशी सकाळी तो घरून निघाला तेव्हा कसा होता, तुम्हाला आठवतं का? नीट आठवून कळवाल का?

तुमची,
नणंद


२ सप्टेंबर

ताई,

तुम्ही मऊ पडलात हे बघून मला नवल वाटलं. तुमचा भाऊ आहे, रक्त ओढ घेणारच. पण मला त्यात ओढू नका. तुमच्याकडूनच मी कठोर व्हायला शिकले, आणि आता कुठे जरा जमायला लागलंय. पहिल्या महिन्यात सुईनं बोटांची चाळण झाली होती, आता दिवसाला तीनशे काजं होतात.

त्या दिवशी सकाळी तो कसा होता ते मला आठवत नाही आणि आठवायचंही नाही. तुरुंगातून निरोप आला होता की ताप आहे, कपडे द्या. मी दिले नाहीत. लेकीनं विचारलं, मी म्हटलं, आपल्याकडे पुरुषांचे कपडे नाहीत.

वहिनी


११ ऑक्टोबर

वहिनी,

हे पत्र तीन वेळा लिहून फाडलं. आता एका दमात लिहिते, मध्ये थांबले तर परत फाडीन.

दादानं त्या दिवशी दारू घेतली नव्हती.

ऑगस्टमध्ये कागद बांधताना मंगळवारचा कागद हाताखाली आला. आधी नदीतल्या माणसाची टेकडी, मग लगेच ३१८. मध्ये पाण्याची कोरी रेघ असायला हवी, ती नाही. मी पाणी टोचलंच नव्हतं. सुई धुतली होती की नाही तेही मला आठवत नाही. बहुतेक नाही. त्या मेलेल्या माणसाची दारू सुईत राहिली आणि दादाच्या नावावर चढली. दुसऱ्या टोचण्यात आकडा सहा आहे. आणि मी घातलेल्या अल्कोहोलची टेकडी दोन्ही वेळा सारखीच उंच आहे. बुडबुडा असता तर तीही खुजी झाली असती. म्हणजे बुडबुडा नव्हताच. तुम्ही स्वयंपाकघरात बसून हेच विचारलं होतंत.

घाई मला कशाची होती सांगू? नंबर माहीत होता म्हणून. दुसऱ्या कुणाची बाटली असती तर मी दहा वेळा सुई धुतली असती, आकडे जुळेपर्यंत टोचत राहिले असते. दादाची होती म्हणून मला उत्तर आधीच माहीत होतं. पेन चढायला लागलं तेव्हा मला आनंद झाला वहिनी. मला वाटलं, सतरा वर्षांनी कुणीतरी कागदावर लिहून दिलं की हा माणूस असाच आहे.

तुम्हाला ऑगस्टातलं पत्र लिहिलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी दुसरी बाटली उघडली. जेवणाच्या सुट्टीत, एकटीनं. चार वेळा टोचली. चारही वेळा दारूच्या जागी कोरी रेघ. तिथेच साहेबांना बोलवायला हवं होतं. बोलावलं नाही. सील मी कुणाच्या समोर फोडलं नाही, नोंद केली नाही, म्हणजे ते रक्त आता पुरावा म्हणून चालत नाही. सहा महिने झाले की जुन्या बाटल्या नष्ट करतात. सप्टेंबरात त्या बाटल्यांबरोबर तीही गेली. यादीवर सही माझीच.

तो मंगळवारचा कागद अजून आहे, आणि माझा शब्द आहे. साहेबांकडे जायचं म्हणजे एकोणीस वर्षांचे सगळे आकडे उघडतील, किती जणांना मी आत पाठवलंय ते तपासतील. मला झोप लागत नाही. तुम्ही सांगाल तसं करीन. जा म्हणालात तर जाईन. तुम्हीच ठरवा.

छोटी


३० ऑक्टोबर

ताई,

पत्र मिळालं त्या दिवशी मी कारखान्यात होते. उभ्यानं वाचलं. मग मुकादमबाईंना सांगून सुट्टी घेतली आणि तुरुंगात गेले.

कितीतरी महिन्यांनी ह्यांना बघितलं. ताप उतरलाय, पण सदरा अंगावर लोंबतो. मी जाळीतून तुमचं पत्र वाचून दाखवलं, एकही ओळ गाळली नाही. हे ऐकत राहिले. मी कोऱ्या रेघेपाशी आले तेव्हा हे म्हणाले, "परत वाच." परत वाचलं. मला वाटलं रडतील. तर विचारतात काय, "छोटीची नोकरी जाईल का?"

म्हटलं, जाईल. कदाचित आतही जाईल.

"मग फाडून टाक ते," म्हणाले.

मी म्हटलं, तुम्ही निर्दोष आहात, तुम्हाला कळतंय का? तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. म्हणाले, "छोटीनं यंत्राचं ऐकलं. ते तिचं काम होतं. तू कुणाचं ऐकलंस?" मग म्हणाले, सुटलो तरी मी तुझ्याकडे येणार नाही, लेकीला पाहिजे तेव्हा येऊन भेटू दे. आणि वेळ संपायच्या आधीच उठून आत गेले.

पत्र मी फाडलेलं नाही. तुमच्या अक्षरात आहे, तारखेसकट आहे. अस्सल वकिलांकडे दिलं. नक्कल तुमच्या साहेबांना रजिस्टर पोस्टानं गेली, ह्या पत्राच्या एक दिवस आधी. म्हणजे तुम्ही हे वाचताय तोपर्यंत मंगळवारचा कागद त्यांच्या टेबलावर आलेला असेल. तुम्ही विचारलंत, काय करू. काहीच करू नका. तुम्ही माझ्याकडून परवानगी मागत होतात, गप्प राहायची. ती मी देणार नाही. ह्यांनी तुम्हाला माफ केलंय, ते त्यांचं त्यांना लखलाभ.

वकील म्हणतात वेळ लागेल, पण सुटतील.

काल लेकीला सगळं सांगितलं. सुई, पाणी, टेकड्या, सगळं. शेवटी तिनं एवढंच विचारलं, "मग बाबांना कबूल करायला कुणी लावलं?"

मी तुमचं नाव सांगितलं.